चक बदलण्याआधी टेपर पुसा

ड्रिल मशीन चालू केलं की बिटाचं टोक एका जागी न राहता बारीकसा गोल काढतं, आणि पंचमार्कवर (भोकाच्या जागी ठोकलेल्या खुणेवर) टेकताना बाजूला सरकतं. अशा वेळी सगळे चकला, म्हणजे बिट जबड्यांत पकडणाऱ्या भागाला, दोष देतात. मीही दिला. इथे बडोद्यात मकरपुऱ्याच्या एका दुकानात जुना चक नेला, तर दुकानदाराने तो हातातही न घेता सांगितलं, "साहेब, नवो लई लो." घेतला. घरी बसवला, तर नवाही तेवढाच डुगडुगतो! शेवटी आर्बर (चकला स्पिंडलशी, म्हणजे मशीनच्या फिरत्या दांड्याशी, जोडणारा तुकडा) काढून बघितला तेव्हा त्याच्या टेपरवर, म्हणजे निमुळत्या भागावर, लोखंडाचा एक कीस चिकटून चपटा झालेला सापडला. तो काढला आणि प्रश्न मिटला. आमचे आजोबा कलाभवनात फिटिंग शिकलेले (सयाजीरावांनी १८९० साली काढलेली संस्था, आता विद्यापीठाची टेक्नॉलॉजी फॅकल्टी). ते टेपर फडक्याने पुसून झाल्यावर पुन्हा तळहाताने पुसायचे. फडक्याचा धागा मागे राहतो आणि कीस हाताला टोचून कळतो, असं त्यांचं म्हणणं.

तेव्हा आधी मोजा, मग पुसा, पुन्हा मोजा. चक खोलणं सगळ्यात शेवटी.

मोजायला ०.०१ मिमीचा डायल (काट्याने बारीक फरक दाखवणारं मापयंत्र), चुंबकी स्टँड आणि ८ किंवा १० मिमीची सरळ, ग्राइंड केलेली डॉवेल पिन लागते. पिन १०० मिमीच्या आसपास लांब असावी. ड्रिल बिटावर मोजू नका. त्याच्या खाचांवर डायल टेकत नाही, आणि शँक (बिटाचा चकमध्ये धरायचा भाग) घसरून ओरखडलेला असतो.

मशीनचा प्लग काढा. पिन चकमध्ये धरा आणि तिन्ही भोकांत पाळीपाळीने चावी घालून थोडं थोडं आवळा. एकाच भोकातून पिळलं की पिन एका बाजूला रेलू शकते. आता डायल जबड्यांच्या लगेच खाली टेकवा, स्पिंडल हाताने पूर्ण एक फेरा फिरवा आणि काटा किती हलला ते लिहा. मग तेच ५० मिमी खाली करा. काटा एकूण ०.१२ हलला तर पिनचं केंद्र ०.०६ मिमी सरकलेलं आहे. हा अर्धा हिशेब विसरून लोक उगाच घाबरतात.

वर-खाली फरक सारखाच आला तर पिन सरळ आहे, फक्त बाजूला सरकली आहे. खाली गेल्यावर वाढला तर ती तिरकी धरली जाते आहे: टेपरमध्ये घाण, किंवा जबड्यांची टोकं झिजून तोंडाशी रुंद झालेली. पिन आवळल्यावरही बोटाने हलते का बघा. हलली तर जबडेच झिजलेत.

किती फरक चालतो? चावीच्या साध्या चकला ०.१० मिमीपर्यंत मी काही बोलत नाही. ०.०५ आला तर पेढे वाटा. आणि मूळ तक्रार भोक मोठं पडण्याची असेल, तर आधी बिटाची धार बघा. दोन्ही ओठ (कापणाऱ्या कडा) सारख्या लांबीचे नसतील तर चक कितीही चांगला असला तरी भोक मोठंच पडणार.

आता गुन्हेगार शोधायचा. जिथे काटा सर्वांत जास्त गेला तिथे पिनवर आणि चकवर मार्करने एकेक खूण करा. पिन सोडा, जागच्या जागी तिसरा हिस्सा फिरवा, पुन्हा आवळा आणि मोजा. जास्तीची जागा पिनच्या खुणेबरोबर फिरली तर पिन वाकडी. चकच्या खुणेशीच राहिली तर पिन निर्दोष. मग ड्रिफ्टने (चपट्या पाचरीने) आर्बर काढून अर्धा फेरा फिरवून बसवा. (एमटी २, म्हणजे मोर्स टेपर नं. २, आर्बरच्या चपट्या शेपटीमुळे तो दोनच प्रकारे बसतो.) दोन्हींपैकी ज्या जागी फरक कमी, तिथे स्पिंडलवर आणि आर्बरवर खूण करून ठेवा. फुकटातली दुरुस्ती.

आर्बर बाहेर असतानाच टेपर बघून घ्या. थिनरने आर्बर आणि स्पिंडलची आतली बाजू, दोन्ही पुसा. आर्बरवर पेन्सिलीच्या तीन-चार उभ्या रेघा ओढा, स्पिंडलमध्ये दाबून जरासा फिरवा आणि काढा. रेघा सगळीकडे सारख्या पुसल्या तर बैठक चांगली. एकाच जागी पुसल्या तर तिथे उंचवटा आहे, तो बारीक ऑइलस्टोनने हलकेच घासा. टेपरला तेल लावून बसवायचं नाही. बसवताना जबडे पूर्ण आत घ्या आणि लाकडी हातोडीने खालून एक ठोका द्या. एक फसगत इथेच सांगतो: बी १६ आणि जेटी ३३ हे चकचे टेपर आकाराने जवळपास सारखे दिसतात, पण त्यांचा उतार वेगळा आहे. एकाच्या आर्बरवर दुसऱ्याचा चक ठोकला तर तो बसल्यासारखा वाटेल आणि डुगडुगतच राहील.

२०२४ च्या ऑगस्टात विश्वामित्री नदीचं पाणी माझ्या तळमजल्यात शिरलं आणि चक दोन दिवस चिखलात होता. तेव्हा पूर्ण खोलावा लागला. एरवी कुणी खोलू नये. जबडे आत घेऊन, चकचं तोंड वर ठेवून, दात असलेली बाहेरची रिंग पाइपच्या तुकड्यावर टेकवायची आणि व्हाइसमध्ये किंवा प्रेसवर मधला भाग दाबून रिंगमधून बाहेर काढायचा. आत दोन तुकड्यांत तुटलेला नट दिसला तर दचकू नका, तो मुद्दामच तसा असतो. तिन्ही जबड्यांचे आटे एकमेकांपासून थोडे पुढे-मागे असतात, म्हणून खाचा आणि जबडे यांवर १, २, ३ असे आकडे टाकूनच बाहेर काढा. अदलाबदल झाली तर टोकं एका पातळीत येत नाहीत. रॉकेल किंवा डिझेलमध्ये जुन्या टूथब्रशने धुवा, वाळवा, शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब. ग्रीस नको, कीस त्यातच रुततो. बिनचावीचा चक मात्र या पद्धतीने उघडू नका.

रोजचं म्हणाल तर फार काही नाही. काम संपलं की जबडे उघडून तोंड खाली करून ब्रशने झाडा. बिट घसरलं असेल तर शँकवरचे बर (वर आलेले टोकदार कंगोरे) कानसीने काढल्याशिवाय ते परत लावू नका. चकमध्ये एंडमिल (बाजूनेही कापणारं कटर) धरून मिलिंग करू नका. आडव्या जोराने टेपर सुटतो आणि चक फिरता फिरता खाली येतो. पावसाळ्यात महिन्याला एकदा जबड्यांवर तेलाचं फडकं फिरवा.

चकची चावी मी स्विचबोर्डाशेजारी खिळ्याला टांगतो. खिळ्यावर चावी दिसली तरच बटण दाबायचं.