मराठवाड्याच्या उन्हाळ्यात रीफ टँकची अल्कलिनिटी आणि कॅल्शियम कसं सांभाळावं

लातूरला मे महिन्यात टँकवरचा पंखा दिवसभर चालू असला, की माझ्या रीफ टँकमधून, म्हणजे प्रवाळांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतून, रोज पाचेक लिटर पाणी उडून जातं. पाऊस लागला की तेच दोन लिटरवर येतं. अल्कलिनिटी (ढोबळमानाने पाण्यातल्या बायकार्बोनेटचं माप) आणि कॅल्शियम सांभाळताना आपल्याकडे खरी अडचण याच फरकाची आहे.

दगडी प्रवाळ आपला सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा बांधतात. त्यासाठी ते पाण्यातलं कॅल्शियम आणि बायकार्बोनेट रोज उचलतात. समुद्राच्या पाण्यात अल्कलिनिटी साधारण ७ डीकेएच (अल्कलिनिटीचं एकक), कॅल्शियम ४१० ते ४२० पीपीएम (दशलक्षात इतके भाग) आणि मॅग्नेशियम १३०० पीपीएमच्या आसपास असतं. टँकमध्ये ८ डीकेएच आणि ४२० धरून चालायचं. साडेसात असो वा साडेआठ, आकडा एका जागी राहिला पाहिजे.

आधी पाणी

बोअरचं पाणी टँकमध्ये कधीच घालू नका. आपल्या काळ्या पाषाणातलं पाणी जड असतं. वाफ होऊन जाते ती नुसत्या पाण्याची. क्षार मागेच राहतात आणि उडालेल्या पाण्याच्या जागी रोज घालायच्या भरीने साचत जातात. आरओ-डीआयचंच, म्हणजे क्षार काढून टाकलेलं, पाणी वापरा. आरओच्या लिटरभर पाण्यामागे दोन-तीन लिटर बाहेर पडतं, ते फरशी पुसायला, भांडी घासायला ठेवा. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आलेल्या गावात ते मोरीत सोडून द्यायला माझा तरी हात धजत नाही.

मग खारटपणा

रिफ्रॅक्टोमीटर (खारटपणा मोजायचं उपकरण) ३५ पीपीटीच्या (हजारात ३५ भाग क्षार) प्रमाणित द्रावणाने जुळवून घ्या. पाणी उडून खारटपणा ३७ वर गेला, तर ४२० चं कॅल्शियम ४४४ दिसतं आणि वाटतं, वा, भरपूर आहे! म्हणून आधी पातळी भरून घ्या, तासाभराने मोजा.

रोजची भूक काढा

प्रवाळ रोज किती अल्कलिनिटी खातात ते काढायची हीच पायरी बहुतेकजण गाळतात. सोमवारी संध्याकाळी अल्कलिनिटी मोजा. तीन दिवस काहीही घालू नका. गुरुवारी त्याच वेळेला पुन्हा मोजा. थेंबांच्या किटमध्ये पाच मिलीला एक थेंब म्हणजे एक डीकेएच असेल, तर दहा मिली पाणी घ्या. मग एक थेंब अर्ध्याचा होतो. नळी पांढऱ्या कागदासमोर धरा. निळा रंग आधी हिरवट होतो, तिथे थांबायचं नाही. स्वच्छ पिवळा झाला की थेंब मोजायचे थांबवा.

समजा सोमवारी ८.५ होतं आणि गुरुवारी ७.३. तीन दिवसांत १.२, म्हणजे रोजचे ०.४ डीकेएच. टँक दोनशे लिटरचा असला तरी दगड-वाळू वजा जाता पाणी १८० लिटर धरा.

आता मात्रा

शंभर लिटर पाण्यात १ डीकेएच वाढवायला सुमारे ३ ग्रॅम खाण्याचा सोडा लागतो. वरच्या हिशेबाने रोज दोन ग्रॅमच्या थोडा वर. सोडा म्हणजे निव्वळ सोडियम बायकार्बोनेट. बेकिंग पावडर नको, पापडखारही नको. अल्कलिनिटी १ डीकेएचने उतरते तेव्हा कॅल्शियम साधारण ७ पीपीएमने उतरतं. म्हणजे इथे दिवसाला तीनेक पीपीएम, त्यासाठी कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट जवळपास २ ग्रॅम. दोन्ही वेगवेगळ्या आरओ पाण्यात विरघळवा आणि संपमध्ये (टँकला जोडलेल्या गाळणीच्या टाकीत) जिथे प्रवाह जोराचा आहे तिथे हळूहळू सोडा. दोहोंत किमान अर्धा तास जाऊ द्या. एकत्र पडले तर पाण्यात पांढरा चुरा धरतो आणि दोन्ही वाया जातात. तसा चुरा वारंवार दिसला तर मॅग्नेशियम तपासा, १२५० च्या खाली गेलेलं असू शकतं.

अल्कलिनिटी घसरलेली सापडली तरी एका दिवसात १ डीकेएचपेक्षा जास्त चढवू नका. नुसते मऊ प्रवाळ असतील तर आठवड्याला दहा टक्के पाणी बदललं तरी बहुधा भागतं.

चुन्याची निवळी वापरणाऱ्यांसाठी

निवळी स्वस्त आणि चांगली. कॅल्शियम, अल्कलिनिटी दोन्ही एकदम मिळतात. पानाचा चुना मात्र चालत नाही, शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइडच आणा. हातमोजे घाला, डोळे जपा. खाली बसलेला गाळ टँकमध्ये जाऊ देऊ नका.

मी निवळी भरीच्या पाण्यात मिसळून ठेवायचो, लिटरला अर्धा ग्रॅम. पावसाळ्यात दोन लिटर भर, म्हणजे एक ग्रॅम चुना, अगदी बरोबर. उन्हाळ्यात पाच लिटर भर सुरू झाली आणि चुना अडीच ग्रॅमवर गेला. आठवड्याभरात अल्कलिनिटी आठाची अकरावर पोचली आणि प्रवाळांची टोकं पांढरी पडली. ती परत रंगावर यायला दोन महिने लागले.

तेव्हापासून चुना दिवसाच्या हिशेबाने मोजतो. एक ग्रॅम म्हणजे एकच ग्रॅम, लिटर-दीड लिटर पाण्यात, वेगळ्या पंपाने. वरची भर साध्या आरओ पाण्याची. पंपाची नळी पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा. वीज गेल्यावर बुडालेल्या नळीतून सायफन लागून टँकचं पाणी उलटं चुन्याच्या डब्यात उतरू शकतं. डबा उंचावर असेल तर अख्खी निवळी टँकमध्ये येते.

प्रवाळ विकत घेताना कागदपत्रं मागा. आपल्या समुद्रातल्या दगडी प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं कवच आहे.

मृग लागला, हवेत ओल आली, की एक आठवडा रोज मोजा. पंखा कमी होतो, भर कमी होते, टँकचं तापमान उतरतं आणि प्रवाळांची भूकही बदलते. तीन दिवसांची ती चाचणी तेव्हा पुन्हा करा आणि नवा आकडा टँकशेजारच्या कॅलेंडरवर तारखेसह लिहून ठेवा.