रशियन शिकताना मराठी हाताशी ठेवा

पहिले दोन महिने मी इंग्रजीतून रशियन शिकत होते. 'माझ्याकडे पुस्तक आहे' लिहायचं, तर 'आय हॅव'ला रशियन शब्द शोधून 'या इम्येयू क्नीगु' असं जुळवलं. बाईंनी ते खोडून खाली लिहिलं, 'ऊ मिन्या येस्त्य क्नीगा', माझ्यापाशी आहे पुस्तक. "अगं, मराठीत काय म्हणतेस? तेच इथे," त्या म्हणाल्या. तेव्हापासून अभ्यास सरळ झाला.

'मला थंडी वाजते' म्हणजे 'म्न्ये खोलद्ना'. इथेही 'मी' नाही, 'मला'च. वयसुद्धा 'मला'नेच सांगतात. 'हे माझं घर' म्हणताना आपण 'आहे' गाळतो, तसंच 'एता मोय दोम'. भूतकाळात तो 'चिताल' (वाचत होता), ती 'चिताला'. स्वतःबद्दल बोलतानाही मुलगा 'या चिताल' म्हणतो आणि मुलगी 'या चिताला', आपल्या गेलो-गेलेसारखं. (च 'चिमणी'तला.)

विभक्त्या 6. ऐकून घाबरू नका, शाळेत आपण याहून मोठा तक्ता पाठ केलाय. 'रूच्का' म्हणजे पेन. 'पेनाने लिहिते' हे 'पिशू रूच्कय'. 'ने' वेगळा लावायचा नाही, शेवटच्या 'आ'च्या जागी 'अय' येतो. 'मस्क्वा' म्हणजे मॉस्को, मॉस्कोत म्हणजे 'व मस्क्व्ये'. पुणे-पुण्यात होतं तसा शब्दाचा शेवट बदलतो. सगळा तक्ता एकदम घोकू नका. एक विभक्ती घ्या आणि आठवडाभर घरातल्या वस्तूंवर चालवा. षष्ठी मात्र लवकर घ्या, कारण ती आकड्यांना लागते: 1 'रूब्ल', 2 ते 4 ला षष्ठीचं एकवचन 'रुब्ल्या', 5 पासून अनेकवचन 'रुब्ल्येय', आणि 21 ला पुन्हा 'रूब्ल'.

क्रियापदांच्या जोड्यांनी बरेच जण हैराण होतात. 'चितात्य' म्हणजे वाचणे, 'प्रचितात्य' म्हणजे वाचून काढणे. 'कादंबरी वाचत होते' आणि 'कादंबरी वाचून काढली' यांतला फरक आपल्याला कुणी शिकवावा लागत नाही. जोडी एकत्रच लिहून ठेवा.

एका ठिकाणी मराठी फसवते. घोडा, मुलगा यांच्या सवयीने 'आ' दिसला की आपण पुल्लिंग धरतो. रशियनमध्ये 'आ'कारान्त नामं बहुतेक स्त्रीलिंगी: क्नीगा, रूच्का, मस्क्वा. 'पापा'सारखे अपवाद थोडे. व्यंजनाने संपणारी बहुधा पुल्लिंगी, 'ओ'ने संपणारी नपुंसकलिंगी.

आणि आघात, म्हणजे शब्दातल्या कोणत्या अक्षरावर जोर द्यायचा ते. तिथे मराठीचा काहीच आधार नाही. 'ज़ामक' म्हणजे किल्ला, 'ज़मोक' म्हणजे कुलूप. रशियन लिपीत दोन्ही अगदी सारखेच लिहितात. एरवीच्या छपाईत आघाताची खूण नसते, म्हणून नवा शब्द उतरवताना शब्दकोश बघून पेन्सिलीने ती तेव्हाच करा. चुकीचा आघात जिभेवर बसला की काढायला फार वेळ लागतो; माझे काही शब्द अजून सुटलेले नाहीत.