ध्वनिदर्शक शब्द वापरताना या चुका टाळा

शाळेत ध्वनिदर्शक शब्द म्हणजे पाठ करायची यादी: पानांची सळसळ, पंखांची फडफड, डासांची भुणभुण. यादी तोंडपाठ असलेली माणसंही लिहायला बसली की चुकतात. आवाज कशाचा, एकदाच झाला की सारखा होतोय, हलका की जड, एवढं सगळं मराठीतला एकच शब्द सांगतो आणि यातलं काहीतरी सुटलं की वाक्य खोटं वाटतं.

विजेचा गडगडाट

सर्वांत जास्त दिसणारी चूक हीच. वीज कडकडते, ढग गडगडतात. कडकडाट हा तुटल्या-फुटल्याचा कोरडा, तीव्र आवाज, म्हणून टाळ्यांचाही कडकडाट होतो आणि फांदीही कडाडून मोडते. गडगडाटात घरंगळणं आहे. दगड उतारावरून गडगडत येतो, ढगांचा आवाजही तसाच लांबत जातो.

धातूच्या आवाजांतही असाच घोळ होतो. बांगड्यांची किणकिण, तलवारींचा खणखणाट, घंटांचा घणघणाट हे तीन शब्द ओळीने मोठ्याने म्हणून पाहा. ‘कि’ नाजूक, ‘ख’ टणक, ‘घ’ भारी. देवळातल्या मोठ्या घंटेला ‘किणकिण’ लावली तर ती वाचकाला खेळण्यातली वाटेल. शब्द आठवत नसेल तेव्हा वस्तूचं वजन आधी ठरवावं, अक्षर बहुतेक वेळा आपोआप सुचतं.

‘वाऱ्याने दार धाडधाड बंद झालं’

दार एकदाच बंद झालं असेल तर ‘धाडकन’ किंवा ‘धाडदिशी’. जोडशब्द पुन्हापुन्हा होणाऱ्या आवाजाला: कुणी दार धाडधाड वाजवतं, पागोळ्या टपटप गळतात, पण पिकला आंबा टपकन पडतो. ‘कन’ आणि ‘दिशी’ शब्दाला जोडून लिहायचे, मध्ये रेघ नको. पहिला स्वर लांबवला की आवाज मोठा होतो. कडी ‘खटकन’ लागते, मुस्कटात ‘खाडकन’ बसते.

लिंग

‘पानांचा सळसळ’ आणि ‘टाळ्यांची कडकडाट’ दोन्ही चूक. नुसता जोडशब्द नाम म्हणून आला की स्त्रीलिंगी (ती खळखळ, ती किलबिल), ‘आट’ लागला की पुल्लिंगी (तो खळखळाट, तो किलबिलाट). ‘आट’ने आवाजाचा जोरही वाढतो, म्हणून तो सरसकट चिकटवू नये. छुमछुम, रिमझिम, कावकाव यांना तो लागतच नाही. ‘गडगडाहट’, ‘सरसराहट’ ही हिंदीची रूपं आहेत, मराठीत गडगडाट आणि सळसळ. आणि ‘टाळ्यांच्या कडकडाटाचा आवाज’ लिहू नका, कडकडाट हाच आवाज आहे.

ऱ्हस्व-दीर्घ

‘हळूहळू’ बरोबर, मग ‘दुडूदुडू’ का नाही? मराठी साहित्य महामंडळाच्या लेखननियमांत याचं थेट उत्तर आहे. हळूहळू, चिरीमिरी अशा पुनरुक्त शब्दांत दुसरा आणि चौथा स्वर दीर्घ, पण शब्द नादानुकारी, म्हणजे आवाजाची नक्कल करणारा असेल तर उच्चाराप्रमाणे ऱ्हस्व: दुडुदुडु, लुटुलुटु, रुणुझुणु. चिवचिव, किणकिण, रिमझिम यांतही ‘गरीब’, ‘वकील’ यांच्या धर्तीवर उपान्त्य (शेवटच्या आधीचं) अक्षर दीर्घ करायचा मोह टाळावा. हत्तीचा चीत्कार मात्र संस्कृतातून आलेला, त्यात ‘ची’ दीर्घच.

पाककृतीतले आवाज

इथे चुकीच्या शब्दाने पदार्थच बिघडतो. मोहरी ‘तडतडली’ की तेल पुरेसं तापलेलं असतं, म्हणून ‘मोहरी तडतडल्यावर हिंग-हळद घाला’ ही नेमकी खूण आहे. नुसतं ‘मोहरी परता’ लिहिलं तर फोडणी कच्ची राहते. पातळ पाणी खळखळ उकळतं, दाट पिठलं रटरटतं. ‘पिठलं खळखळू द्या’ असं लिहिल्यावर वाचणारा आणखी पाणी ओतणार. आमटीला दोन्ही शब्द चालतात, पण पातळ आहे की दाट हे ठरवून त्यातला एक निवडावा.

हसण्याचे प्रकार

कथा-संवाद लिहिणाऱ्यांची इथे बरीच घसरण होते. बाळ खुदकन हसतं, तेच हसू चालू राहिलं तर खुदुखुदु. मनमोकळं हसणं खळखळून. फिदीफिदी हसण्यात उथळपणा किंवा टिंगल आहे, खदाखदा हसण्यात राकटपणा. गंभीर प्रसंगातल्या शहाण्या पात्राला ‘फिदीफिदी’ हसवलं की त्याची सगळी पत जाते. ‘खिलखिलाट’ हिंदीच्या वळणाचा, इथे ‘खळखळून’ किंवा ‘खिदळणं’ असताना त्याची गरज नाही.

परीक्षेतले सापळे

लखलखाट, झगमगाट, चमचमाट हे शब्द घडणीने ध्वनिदर्शकांसारखेच, पण ते उजेडाचे आहेत. रक्ताची भळभळ आणि अश्रूंची घळघळ यादीत येतात खऱ्या, पण त्यांत आवाजापेक्षा वाहणंच जास्त आहे. प्राण्यांत गाय हंबरते, म्हैस रेकते, घोडा खिंकाळतो, कोंबडा आरवतो, कबूतर घुमतं. वाघाची डरकाळी आणि सिंहाची गर्जना यांची अदलाबदल करू नये, पर्यायांत दोन्ही शेजारी-शेजारी दिलेले असतात.