अपघाताचं ठिकाण आधी शोधा

सिव्हिल करून ट्रान्सपोर्टेशनकडे किंवा डेटा सायन्समधून रस्ता सुरक्षेकडे वळलेली मुलं-मुली हल्ली सारखं विचारतात: प्रोग्रामिंगसाठी पायथन शिकू की आर? नकाशाच्या क्यूजीआयएस सॉफ्टवेअरवर भागेल का? भागतं. ही हत्यारं हळूहळू हाताला बसतात. मला वेळ लागला तो वेगळ्याच गोष्टीला, आणि ती कुणी समोर बसवून सांगितली नाही. आपल्या हातात येणारी अपघाताची पोलिसांची नोंद गुन्हा दाखल करण्यासाठी लिहिलेली असते. रस्ता सुधारायला ती वापरायची तर तिचं वाचन निराळं करावं लागतं.

कुठलाही एफआयआर उघडा. 'भरधाव वेगाने, हयगयीने व निष्काळजीपणे वाहन चालवून' हे शब्द बहुतेक सापडतीलच, कारण कलम लावायला ते लागतात. पूर्वी भादंवि २७९ आणि ३०४ अ होतं, जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं २८१ आणि १०६ आहे. देशात २०२२ साली रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, त्यातले ७१ टक्क्यांहून जास्त मृत्यू अतिवेगाच्या नावावर आहेत. वेग जीव घेतो, याबद्दल मला शंका नाही. पण 'कारण' हा रकाना तसाच संगणकाच्या मॉडेलमध्ये घातला, की उत्तर आधीच ठरलं: चूक चालकाची. दुभाजक फोडून केलेली वाट, बंद पथदिवा, मागचा लाल दिवा नसलेला उभा ट्रक, हे त्या रकान्यात कधीच दिसणार नाही. दिसलं तर घटनास्थळ पंचनाम्यात आणि त्यासोबतच्या हाती काढलेल्या नकाशात. म्हणून पंचनामे वाचा. अक्षर लागत नाही, कंटाळा येतो, तरी वाचा.

आता खरा सापळा. माझं काम सगळ्यात जास्त अडलं ते इथे.

राष्ट्रीय महामार्गावरच्या ब्लॅक स्पॉटची व्याख्या तुम्हाला पाठ असेलच: साधारण ५०० मीटरचा पट्टा, तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात किंवा १० मृत्यू. म्हणजे सगळा खेळ ५०० मीटरचा. आणि नोंदीत ठिकाण काय असतं? 'ठाण्यापासून उत्तरेस ४ किमी', 'कामठी रोड', 'ढाब्यासमोर'. ही नावं नकाशाच्या सॉफ्टवेअरला दिली, की ते कामठी रोडचे सगळे अपघात रस्त्याच्या मधल्या एका बिंदूवर रचून ठेवतं. अपघातांची दाटी रंगाने दाखवणाऱ्या हीटमॅपवर तिथे लालभडक डाग उमटतो, प्रत्यक्षात तिथे काहीच घडलेलं नसतं.

उलटही होतं. शहराच्या कडेला एकाच वळणावरचे अपघात दोन ठाण्यांत वाटले जातात, कधी निम्मे शहर पोलिसांकडे आणि निम्मे ग्रामीणकडे. इकडे तीन, तिकडे दोन. यादीत ते वळण येतच नाही.

नागपुरात आणखी एक गुंता आहे. भंडारा, गोंदिया, छिंदवाडा, बालाघाट, सगळीकडचे गंभीर जखमी आपल्या मेडिकलला, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, आणले जातात. त्यातला एखादा इथे दगावला, तर मर्गाची, म्हणजे अकस्मात मृत्यूची, नोंद दवाखान्याच्या हद्दीतल्या ठाण्यात होते, आणि कागद मूळ ठाण्याकडे जायचे असतात. तुम्ही मर्गाची यादी आणि अपघाताची यादी नीट न जुळवता एकत्र केलीत, तर एकच माणूस दोनदा मोजला जाईल, किंवा छिंदवाड्याकडचा अपघात मेडिकल चौकात उगवेल. तारीख, वय, वाहन क्रमांक, तिन्ही जुळवूनच पुढे जा.

आयरॅड हा केंद्र सरकारचा अपघात नोंदींचा डेटाबेस आल्यापासून पोलीस मोबाईलवर अक्षांश-रेखांशासह नोंद करतात, त्यामुळे हे पुष्कळ सोपं झालंय. तरी बिंदू ठाण्याच्या इमारतीवर किंवा दवाखान्याच्या आवारात पडलाय का, हे आधी तपासा. तसं दिसलं तर फॉर्म नंतर, बसून भरलेला आहे असं समजा.

घाबरू नका. हे किचकट आहे, पण अवघड नाही. एका रस्त्याचे तीन वर्षांचे कागद नीट लावले, की पुढचा रस्ता निम्म्या वेळात होतो. मात्र सुरुवात एकाच रस्त्यापासून करा, अख्खा जिल्हा अंगावर घेऊ नका.

मार्गदर्शकाबद्दल माझं मत ठाम आहे. रात्री आठनंतर चौकात उभं न राहता ज्यांचे पेपर निघतात, त्यांच्याकडून सांख्यिकी शिका, रस्ता नका शिकू. रस्ता शिकायचा तर ट्रॅफिकच्या जुन्या हवालदारांना विचारा. कुठल्या सिग्नलला उजवीकडे वळणारे ऑटो आधीच घुसतात, हे त्यांना तोंडपाठ असतं.

अजून एक. वाईट वर्षानंतर गतिरोधक टाकला आणि पुढच्या वर्षी अपघात घटले, म्हणून लगेच श्रेय देऊ नका. आकडा एकदा उसळला की काहीही न करतासुद्धा तो बऱ्याचदा खाली येतो. तसाच, पण हात न लावलेला दुसरा चौक शेजारी ठेवून तुलना करा. धडक होईपर्यंत थांबायचं नसेल तर थोडक्यात टळलेल्या अपघातांकडे बघा. २०२१ मध्ये नागपुरात सुरू झालेल्या आयरास्ते प्रकल्पात शहर बसला कॅमेरे लावून तेच टिपायचा प्रयत्न झाला.

नोकरीचं म्हणाल तर महामार्गांचे सल्लागार आणि रोड सेफ्टी ऑडिटची कामं घेणाऱ्या कंपन्या माणसं घेतात. सीआरआरआय (केंद्रीय रस्ते संशोधन संस्था) किंवा नोएडाच्या आयएएचई (महामार्ग अभियंत्यांची अकादमी) यांचा ऑडिटरचा कोर्स केलेला असेल तर मुलाखत सोपी जाते. सोबत हीटमॅप नेऊ नका. एक चौक, त्याचे जुळवलेले कागद, जागेवरचे फोटो आणि तिथे नेमका काय बदल करायचा, एवढं एका पानावर न्या.