अणुप्रकल्प शत्रूच्या ताब्यात गेला: बातमी वाचताना आणि चर्चा करताना या चुका टाळा

युक्रेनमधला झापोरिझ्झिया अणुऊर्जा प्रकल्प 4 मार्च 2022 रोजी रशियन सैन्याने ताब्यात घेतला. प्रत्येकी 1000 मेगावॉटच्या सहा अणुभट्ट्या असलेला हा युरोपातला सर्वात मोठा प्रकल्प. युद्धापूर्वी युक्रेनच्या विजेचा सुमारे पाचवा हिस्सा इथून येत असे. त्याआधी आठवडाभर, 24 फेब्रुवारीला, चेर्नोबिलही रशियन सैन्याच्या हाती पडले होते. ते 31 मार्चपर्यंत त्यांच्याकडे राहिले. चालू स्थितीतला एवढा मोठा अणुप्रकल्प लढून घेण्याचा प्रकार जगाने यापूर्वी पाहिला नव्हता.

आपल्याकडे यावर बोलणे निघाले की प्रश्न एकच असतो: स्फोट होईल का? पण ताब्यातल्या प्रकल्पाचा धोका बहुधा सावकाश वाढतो. वीज, पाणी, माणसे आणि निर्णयाचा अधिकार एकेक करून कमकुवत होत जातात, आणि तोच प्रकल्प वाटाघाटीत ओलीस ठरतो.

चूक 1: प्रकल्प हाती आला म्हणजे बॉम्ब हाती आला

झापोरिझ्झियात असलेल्या, व्हीव्हीईआर-1000 या सोव्हिएत बनावटीच्या भट्टीच्या ताज्या इंधनात युरेनियम-235 चे प्रमाण पाच टक्क्यांच्या आत असते. त्यापासून थेट बॉम्ब होत नाही. वापरलेल्या इंधनात प्लुटोनियम असते, पण ते वेगळे काढायला पुनर्प्रक्रियेचा स्वतंत्र कारखाना लागतो. शिवाय रशियाकडे अण्वस्त्रे आधीपासूनच आहेत. मग ताबा कशासाठी? एक, शत्रूच्या ग्रिडमधून 6000 मेगावॉट क्षमता वजा होते. दोन, प्रकल्पाच्या आवारात ठेवलेल्या वाहनांवर आणि सैनिकांवर तोफा डागायला समोरचा कचरतो, म्हणजे आवाराची ढाल होते. तीन, युद्धबंदीच्या चर्चेत देण्याघेण्याची एक मोठी वस्तू हाती राहते.

सामग्री चुकीच्या हाती जाण्याचा धोका खरा ठरतो तो ताबा कोणाचाच नसताना. एप्रिल 2003 मध्ये इराकची राजवट कोसळली आणि बगदादजवळच्या अल-तुवैथा अणुकेंद्रावर पहारा उरला नाही. आसपासच्या लोकांनी नैसर्गिक युरेनियमची पिंपे ओतून रिकामी केली आणि पाणी साठवायला घरी नेली. म्हणून बातमीत ताबा कोणाकडे गेला याच्या जोडीला पहारा कोण देतो आहे आणि साठ्याची मोजदाद शेवटची कधी झाली, हेही शोधावे.

चूक 2: भट्टी बंद केली, आता काळजी नाही

सर्वात जास्त गोंधळ इथेच होतो. साखळी अभिक्रिया थांबली तरी इंधनातल्या किरणोत्सारी द्रव्यांचे विघटन चालूच राहते आणि त्यातून उष्णता निघत राहते. 3000 मेगावॉट औष्णिक क्षमतेची (म्हणजे सुमारे 1000 मेगावॉट वीज देणारी) भट्टी थांबवली त्या क्षणी ही उष्णता सहा-सात टक्के, म्हणजे सुमारे 200 मेगावॉट असते. दिवसभराने ती अर्ध्या टक्क्याच्या आसपास, म्हणजे 15 मेगावॉटवर येते. नंतर ती घटतच जाते, पण शून्य होत नाही. फुकुशिमात 11 मार्च 2011 रोजी भूकंप होताच चालू भट्ट्या नियमानुसार बंद झाल्या होत्या. त्सुनामीने वीज तोडली, शीतकरण थांबले आणि तीन भट्ट्यांमधले इंधन वितळले.

म्हणून 'बंद' या शब्दावर थांबू नका, बंद कोणत्या प्रकारची ते बघा. उष्ण बंद स्थितीत अभिक्रिया थांबलेली असते, पण प्राथमिक मंडलातले, म्हणजे थेट भट्टीतून फिरणारे, पाणी दाबाखाली 200 अंशांच्या वर ठेवलेले असते. शीत बंद स्थितीत ते 100 अंशांच्या खाली आलेले असते. वीज गेली तर पहिल्या स्थितीत हाताशी वेळ कमी, दुसऱ्यात बराच जास्त. झापोरिझ्झियाची शेवटची चालू भट्टी, क्रमांक 6, 11 सप्टेंबर 2022 रोजी थांबवली गेली. त्यानंतरही शेजारच्या एनरहोदार शहराला उष्णता पुरवण्यासाठी आणि द्रव कचऱ्यावर प्रक्रिया करायला वाफ मिळावी म्हणून निदान एक भट्टी दीर्घकाळ उष्ण बंद स्थितीत ठेवली जात होती. एप्रिल 2024 पासून सहाही शीत बंद आहेत. धोका त्यामुळे बराच घटला. पुन्हा सुरू करण्याची भाषा कोणी केली, तर हाच मिळवलेला वेळ गमावला जाईल.

चूक 3: घुमट शाबूत आहे ना, मग झाले

भट्टीभोवतीचे आवरण साधारण 1.2 मीटर जाडीच्या पूर्वताणित काँक्रीटचे असते आणि आतून पोलादी अस्तर असते. व्हीव्हीईआर-1000 मध्ये वापरलेल्या इंधनाचा तलावही याच आवरणाच्या आत असतो. 7 एप्रिल 2024 रोजी सहाव्या भट्टीच्या घुमटावर ड्रोन आदळला, तरी अणुसुरक्षेला बाधा आली नाही. पण इंधन थंड ठेवणारी साखळी या आवरणाच्या बाहेर पसरलेली आहे: स्विचयार्ड (वाहिन्या जोडण्या-तोडण्याचे आवार), ट्रान्सफॉर्मर, डिझेल जनरेटर, पंपघर, पाण्याचे तलाव. त्यापलीकडे पारेषण वाहिन्या, त्या तर कित्येक किलोमीटर लढाईच्या पट्ट्यातून जातात. वापरलेल्या इंधनाचे काँक्रीट पिंपांमधले कोरडे साठवण उघड्या आवारात आहे. ऑगस्ट 2022 मध्ये त्याच्या जवळ मारा झाला होता.

युद्धापूर्वी या प्रकल्पाला बाहेरून दहा वाहिन्या जोडलेल्या होत्या: 750 किलोव्होल्टच्या चार आणि 330 च्या सहा. पुढे दोनच उरल्या, 750 ची द्निप्रोव्स्का आणि 330 ची फेरोस्प्लाव्हना-1. दुसरी 7 मे 2025 रोजी तुटली. 23 सप्टेंबरला पहिलीही गेली आणि प्रकल्प संपूर्ण महिनाभर डिझेलवर चालला. युद्ध सुरू झाल्यापासून बाहेरची वीज पूर्ण जाण्याची ती दहावी वेळ होती. एकूण वीस आपत्कालीन जनरेटरपैकी एका वेळी सात-आठ चालत होते, बाकीचे राखीव. दुरुस्तीसाठी त्या पट्ट्यात स्थानिक युद्धबंदी ठरवावी लागली, आणि 23 ऑक्टोबरला द्निप्रोव्स्का पुन्हा जोडली गेली.

डिझेल जनरेटर हा शेवटचा आधार आहे, रोजचा नव्हे. ते तासन्‌तास चालवले की इंधन, वंगणतेल, फिल्टर आणि सुटे भाग सतत लागतात, आणि पुरवठ्याचा रस्ता युद्धभूमीतूनच जातो. 'जनरेटर सुरू आहेत, काळजी नसावी' असे वाचलेत तर पुढचे दोन प्रश्न विचारा: साठा किती दिवसांचा, आणि नवा टँकर कोणत्या रस्त्याने येणार?

सगळ्या भट्ट्यांना असा घुमट असतो असेही समजू नका. ऑगस्ट 2024 मध्ये युक्रेनचे सैन्य रशियाच्या कुर्स्क प्रांतात शिरले, तेव्हा कुर्चातोव्हच्या प्रकल्पाची चिंता वाढली. तिथल्या आरबीएमके प्रकारच्या (चेर्नोबिलसारख्या) भट्ट्यांना हे आवरण नाही, ही गोष्ट आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे महासंचालक राफाएल ग्रोसी यांनी 27 ऑगस्टच्या भेटीत स्पष्टपणे मांडली.

चूक 4: पाण्याचा हिशेब न करणे

6 जून 2023 रोजी काखोव्का धरण फुटले आणि प्रकल्पाला पाणी देणारा जलाशय ओसरला. तात्काळ संकट आले नाही, कारण प्रकल्पाचा स्वतःचा बांध घातलेला शीतकरण तलाव होता आणि भट्ट्या थांबलेल्या होत्या. नंतर आवारात 11 विहिरी खोदल्या. त्यांतून तासाला सुमारे 250 घनमीटर पाणी मिळते आणि फवारा तलाव (पाणी हवेत उडवून थंड करणारे) भरलेले राहतात. हे पाणी बंद भट्ट्यांना पुरते. सहा भट्ट्या पूर्ण क्षमतेने चालवायला मात्र ते कुठल्या कुठे अपुरे आहे.

चूक 5: यंत्रे मोजणे, माणसे विसरणे

चेर्नोबिलमध्ये ताबा येताना जी पाळी कामावर होती, तिला बदली मिळाली नाही. ते लोक जवळपास 600 तास सलग तिथेच राहिले. त्याच काळात 9 मार्चला वीज गेली आणि ती 14 मार्चला स्थिर झाली. तिथले वापरलेले इंधन दोन दशकांहून अधिक जुने आणि थंडावलेले असल्यामुळे निभावले. झापोरिझ्झियाचे महासंचालक इहोर मुराशोव्ह यांना 30 सप्टेंबर 2022 रोजी अटक झाली आणि काही दिवसांनी सोडले गेले. 5 ऑक्टोबरला पुतिन यांनी प्रकल्प रशियन मालमत्ता ठरवणारा हुकूम काढला. तेव्हापासून युक्रेनची एनर्गोआतोम आणि रशियाची रोसआतोम या सरकारी अणुऊर्जा कंपन्या, दोन्ही आपापला अधिकार सांगतात. नियंत्रण कक्षातल्या अभियंत्याने अडचणीच्या क्षणी कोणाचा आदेश मानायचा, कोणत्या नियामकाला कळवायचे? अणुसुरक्षा स्पष्ट जबाबदारीवर उभी असते. ताबा घेणारा ती पहिल्याच दिवशी दुभंगतो. माझ्या मते हे नुकसान तोफगोळ्याइतकेच गंभीर आहे, आणि त्याची मोजणी कुठल्याच मीटरवर होत नाही.

चूक 6: किरणोत्साराचे आकडे एककाशिवाय पुढे पाठवणे

24 फेब्रुवारी 2022 नंतर चेर्नोबिल परिसरात ताशी 9.46 मायक्रोसिव्हर्टपर्यंतची (सिव्हर्ट हे किरणोत्साराच्या मात्रेचे एकक) नोंद झाली. आकडा लगेच 'गळती' म्हणून पसरला. मायक्रोसिव्हर्टचे हजार झाले की एक मिलिसिव्हर्ट होतो, आणि नैसर्गिक स्रोतांतून माणसाला वर्षाला सरासरी 2.4 मिलिसिव्हर्ट मिळतातच. आधीच दूषित असलेल्या त्या क्षेत्रासाठी ही नोंद नेहमीच्या मर्यादेतली होती. आकडा मिळाला की चार गोष्टी तपासा: एकक, ताशी की एकूण, मोजणीची जागा, आणि त्याच जागेचा आधीचा आकडा.

आयोडीनच्या गोळीबद्दलही असेच. ती थायरॉइडला किरणोत्सारी आयोडीनपासून वाचवते, दुसऱ्या कशापासूनही नाही. आयोडीन-131 चे अर्धायुष्य आठ दिवसांचे असते. भट्टी थांबून तीन महिने झाले की ते हजाराव्या हिश्श्याहूनही कमी उरते. झापोरिझ्झियाच्या भट्ट्या 2022 पासून थांबलेल्या आहेत. तिथे आता चिंता सिझियम-137 ची, ज्याचे अर्धायुष्य 30 वर्षे आहे आणि ज्यावर ही गोळी निरुपयोगी आहे.

चूक 7: कायदा किंवा निरीक्षक वाचवतील असे मानणे

जिनिव्हा करारांच्या 1977 च्या पहिल्या अतिरिक्त प्रोटोकॉलचे कलम 56 धरणे आणि अणुवीज केंद्रांवरच्या हल्ल्याला मनाई करते. पण त्यात अपवाद आहे: केंद्राची वीज लष्करी कारवाईला नियमित, भरीव आणि थेट मदत करत असेल तर संरक्षण उठू शकते. आणि कलमाचा रोख हल्ल्यावर आहे. ताबा घेऊन तिथे ठाण मांडणाऱ्यावर ते पुरेसे बोलत नाही. 30 मे 2023 रोजी ग्रोसी यांनी सुरक्षा परिषदेत पाच तत्त्वे मांडली: प्रकल्पातून किंवा प्रकल्पावर हल्ला नको, तिथे जड शस्त्रे व लढाऊ सैनिक ठेवू नयेत, बाहेरच्या विजेला धोका नको, महत्त्वाच्या यंत्रणांना संरक्षण द्यावे, आणि या तत्त्वांना सुरुंग लावणारी कृती नको. अंमलबजावणीसाठी मात्र त्यांच्या संस्थेच्या हाती बळ नाही. संस्थेचे निरीक्षक 1 सप्टेंबर 2022 पासून तिथे आहेत. ते बघतात, नोंदवतात, काही ठिकाणी जाण्यासाठी परवानगीची वाट पाहतात. ताबा घेणाऱ्याकडे सुरक्षा परिषदेत नकाराधिकार आहे. ऑगस्ट 2022 मध्ये अण्वस्त्र प्रसारबंदी कराराच्या आढावा परिषदेचा मसुदा याच प्रकल्पाच्या उल्लेखांवरून रशियाने अडवला. एका प्रकल्पावरच्या ताब्याने जागतिक करारालाही खीळ बसू शकते, ती अशी.

अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा भारत-पाकिस्तान करार हा आपल्याकडचा यातला दुवा. 31 डिसेंबर 1988 रोजी त्यावर सह्या झाल्या, 27 जानेवारी 1991 पासून तो लागू आहे, आणि 1992 पासून दर 1 जानेवारीला दोन्ही देश आपापल्या अणुकेंद्रांच्या याद्या एकमेकांना देतात. त्याचा उल्लेख करताना एवढे ध्यानात ठेवा: तो केंद्राची नासधूस किंवा हानी करणाऱ्या कृतीला मनाई करतो. केंद्र ताब्यात घेणे, त्याची बाहेरची वीज तोडणे किंवा कर्मचाऱ्यांना पाळी बदलू न देणे यांबद्दल त्यात स्वतंत्र तरतूद नाही. मे 2025 च्या संघर्षात पाकिस्तानातल्या किराना टेकड्यांवरून किरणोत्सार गळतीच्या अफवा उठल्या, तेव्हा पाकिस्तानातल्या कोणत्याही केंद्रातून गळती झाली नसल्याचे आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने सांगितले. अशी पुढची बातमी आली की आधी त्या संस्थेचे त्या दिवसाचे निवेदन उघडा, आणि त्यात वाहिन्यांची संख्या, भट्टीची स्थिती, डिझेलचे दिवस, पाण्याची पातळी आणि पाळीवरच्या कर्मचाऱ्यांची अवस्था याच क्रमाने शोधा.