न्यूयॉर्कमध्ये दोघांचे किंवा दोघींचे साधे नोंदणी लग्न

आपण ज्याला सरसकट ‘कोर्ट मॅरेज’ म्हणतो, ते न्यूयॉर्क शहरात कोर्टात होत नाही. ते सिटी क्लर्कच्या, म्हणजे शहराच्या नोंदणी अधिकाऱ्याच्या, कार्यालयात होते, आणि मॅनहॅटनमधले हे कार्यालय १४१, वर्थ स्ट्रीट येथे आहे. या राज्यात समलिंगी विवाह २४ जुलै २०११ पासून कायदेशीर असल्याने तिथल्या कर्मचाऱ्यांना दोन नवरे किंवा दोन नवऱ्या समोर उभ्या राहण्याचे काहीच नवल उरलेले नाही. खरी अडचण येते ती कागदपत्रांची आणि वेळेच्या हिशेबाची.

या लग्नासाठी किमान दोन दिवस हाताशी ठेवावेत. पहिल्या दिवशी विवाहाचा परवाना, म्हणजे मॅरेज लायसन्स, काढायचा असतो. त्याचे शुल्क ३५ डॉलर असून ते कार्डाने किंवा मनीऑर्डरने भरावे लागते. परवाना मिळाल्यापासून पूर्ण २४ तास गेल्याखेरीज विधी करता येत नाही, आणि हे तास घड्याळाप्रमाणे मोजले जातात. गुरुवारी दुपारी तीनला परवाना घेतला, तर शुक्रवारी तीनच्या आधी लग्न लागणार नाही, आणि चारच्या आत कार्यालयाचे दार बंद होते. मग थेट सोमवार उजाडतो. म्हणून परवाना सकाळीच घ्यावा. तो ६० दिवस चालतो, त्यामुळे पंचांग पाहून दिवस धरायचा असेल तर तेवढी सवडही मिळते. अर्ज ऑनलाइन भरून ठेवता येतो; भेटीची वेळ आधी घ्यावी लागते का, हे मात्र जाण्यापूर्वी सिटी क्लर्कच्या संकेतस्थळावर पाहावे, कारण हे नियम बदलत असतात.

न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी जोडप्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. न्यूयॉर्कमध्ये लग्न करण्यासाठी तिथे राहत असण्याची अट नाही, पण न्यू जर्सीतल्या एडिसनला काढलेला परवाना वर्थ स्ट्रीटवर चालत नाही, कारण प्रत्येक राज्याचा परवाना त्याच राज्यापुरता असतो.

अर्ज भरताना दोन रकान्यांशी हात थबकतो. पहिला आईवडिलांच्या नावांचा. ज्यांच्या घरी अजून काही सांगितलेले नाही, त्यांना तिथे वडिलांचे नाव लिहिताना जड जाते. पण ती केवळ नोंद असते आणि कार्यालय भारतात कोणालाही काही कळवत नाही. दुसरा रकाना लग्नानंतरच्या आडनावाचा. जोडीदाराचे आडनाव घेता येते किंवा दोन्ही आडनावे जोडता येतात. माझे मत विचाराल तर, भारतीय पासपोर्ट असेल तर नाव आहे तसेच ठेवावे. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला आहे, त्यामुळे या लग्नाच्या आधारे भारतीय कागदपत्रांवर नाव बदलायला जाणे म्हणजे आपणहून कटकट ओढवून घेणे होय. पूर्वी घरच्यांच्या दबावाने एखादे लग्न झाले असेल आणि ते मोडले असेल, तर त्याचीही माहिती अर्जात द्यावी लागते. अशा वेळी घटस्फोटाचा अंतिम हुकूमनामा सोबत असावा.

दुसऱ्या दिवशी परवाना, दोघांची ओळखपत्रे, विधीचे २५ डॉलर आणि किमान एक साक्षीदार लागतो. साक्षीदाराकडेही वैध ओळखपत्र हवे, आणि नेमके हेच विसरले जाते. मी ज्या लग्नाला साक्षीदार म्हणून गेलो होतो, तिथे रेशमी कुर्ता घालण्याच्या नादात पाकीट जुन्या पँटीत राहिले आणि नवरदेवांना माझ्यासाठी तासभर खोळंबावे लागले.

आत गेल्यावर क्रमांक मिळतो, तो पडद्यावर दिसेपर्यंत बाकावर बसायचे. शेजारी पांढऱ्या गाऊनमधली वधू असते, कोणी जीन्समध्ये असते, त्यामुळे पैठणीकडे किंवा फेट्याकडे कोणी वळून पाहत नाही. प्रत्यक्ष विधी दोनतीन मिनिटांत आटोपतो. अधिकारी दोघांची संमती विचारतात, अंगठ्या असल्या तर घालायला सांगतात (त्या सक्तीच्या नाहीत) आणि विवाह झाल्याचे जाहीर करतात. त्या अवधीत मंगलाष्टके बसत नाहीत. अंतरपाट, मंगलाष्टके आणि अक्षता हे सारे नंतर घरी करावे. कार्यालयात तांदूळ उधळू नयेत. हार मात्र आदल्या संध्याकाळी एडिसनच्या ओक ट्री रोडवरच्या किंवा न्यूयॉर्कच्या जॅक्सन हाइट्समधल्या भारतीय दुकानांतून आणून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवले, तर सकाळपर्यंत ताजे राहतात. भारतातून कोणी फोनवर पाहणार असेल तर वेळ आधी कळवावी: उन्हाळ्यात न्यूयॉर्कचे सकाळचे अकरा म्हणजे तिकडचे रात्रीचे साडेआठ, हिवाळ्यात साडेनऊ.

विवाहाचे प्रमाणपत्र तिथेच त्याच दिवशी हाती येते. खिडकीपासून हलण्याआधी दोन्ही नावांचे स्पेलिंग, जन्मतारखा आणि मधली नावे पासपोर्टशी ताडून पाहावीत. मधल्या नावाच्या जागी वडिलांचे नाव लावण्याची आपली पद्धत तिथे सर्वांत जास्त गोंधळ करते. प्रमाणपत्र परदेशात दाखवायचे असेल तर त्याची विस्तृत प्रत (एक्स्टेंडेड सर्टिफिकेट) वेगळी मागावी लागते.

नोकरीच्या ठिकाणच्या आरोग्य विम्यात जोडीदाराचे नाव घालण्यासाठी लग्नापासून किमान ३० दिवसांची मुदत मिळते. ती हुकली तर बहुधा पुढच्या वार्षिक नोंदणीपर्यंत थांबावे लागते. एकाकडे एच-१बी हा नोकरीचा व्हिसा असेल तर दुसऱ्याला जोडीदार म्हणून एच-४ या अवलंबितांच्या व्हिसासाठी अर्ज करता येतो. आणि ३१ डिसेंबरला तुम्ही विवाहित असाल तर केंद्रीय करासाठी ते संपूर्ण वर्ष विवाहितच धरले जाते, तेव्हा डिसेंबरअखेरची तारीख धरण्याआधी आपल्या कर सल्लागाराला एकदा विचारावे.