धामणगावची गाडी पकडण्याआधी: एअर पिस्तुलाच्या पहिल्या स्पर्धेची तयारी

आमच्या गावातून पुण्याच्या बालेवाडीच्या नेमबाजी रेंजवर जायचं तर आधी एसटीने यवतमाळ, तिथून धामणगाव आणि पुढे महाराष्ट्र एक्स्प्रेस. एक रात्र गाडीत जाते. सकाळी उतरल्यावर पिस्तुलाची ओ-रिंग, म्हणजे हवा अडवणारी रबराची कडी, गळतेय असं लक्षात आलं, तर तेव्हा ना दुकान शोधायला वेळ असतो ना अंगात जीव. गावात तर प्रश्नच नाही, आर्णीला ट्रॅक्टरचा कुठलाही भाग मिळेल, पण पिस्तुलाचा स्क्रू मिळणार नाही. म्हणून यादी निघायच्या आदल्या दिवशी काढायची नाही. स्पर्धेच्या दहा दिवस आधी काढायची आणि एकेक गोष्ट स्वतःच्या हाताने तपासून पुढे सरकायचं. कापसाच्या जुन्या गोदामात मी मुलांना १० मीटर एअर पिस्तूल शिकवतो. पहिल्यांदा राज्य पातळीवर निघालेल्या मुलामुलींसाठी आणि त्यांच्या आईबाबांसाठी हे लिहितोय.

सुरुवात कागदांपासून करा. मागच्या वर्षी एका मुलीच्या वडिलांनी मला विचारलं, "सर, पोट्टीच्या बॅगीत पिस्तूल पाहून पोलिसायनं अडवलं तं काय सांगायचं?" प्रश्न अगदी रास्त आहे. ४.५ मिलिमीटर म्हणजे पॉइंट १७७ बोअरचं आणि २० ज्यूलच्या आतल्या ऊर्जेचं हवेचं पिस्तूल शस्त्र नियम २०१६ प्रमाणे परवान्यात येत नाही. पॉइंट २२ आणि त्यापुढचं सगळं परवान्यातलं. पण बसमध्ये बॅग उघडणाऱ्या हवालदाराला हा फरक बघून कळेलच असं नाही, आणि त्यात त्याची चूक नाही. म्हणून खरेदीची पावती, संघटनेचं ओळखपत्र, स्पर्धेच्या प्रवेशाचं पत्र, शाळेचं बोनाफाईड, आधार आणि जन्मदाखला, या सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स काढायच्या. एक संच पिस्तुलाच्या पेटीत, दुसरा सोबतच्या मोठ्या माणसाकडे. पेटीला कुलूप हवंच. गाडीत, फलाटावर, कुणी कितीही कौतुकाने "दाखव ना" म्हटलं तरी पेटी उघडायची नाही.

आता पिस्तूल. स्पर्धेआधी इक्विपमेंट कंट्रोलला, म्हणजे साहित्याच्या तपासणीला, तिथले अधिकारी तीन गोष्टी बघतात. पिस्तूल ४२० बाय २०० बाय ५० मिलिमीटरच्या खोक्यात बसलं पाहिजे, वजन १५०० ग्रॅमच्या वर नको आणि ट्रिगर किमान ५०० ग्रॅमचा हवा, म्हणजे तेवढं वजन टांगलं तरी सुटता कामा नये. पहिल्या दोन्हींत कारखान्यातून आलेलं पिस्तूल सहसा अडकत नाही. घोळ होतो तो ट्रिगरवर, कारण तो स्क्रूने हलतो आणि मुलांना हलका आवडतो.

ट्रिगर तपासायला महागडं यंत्र नको. किराणा दुकानातलं शिक्का मारलेलं अर्ध्या किलोचं माप घ्या आणि जाड तारेचा आकडा करून त्याला बांधा. तारेचं वजन दहा-बारा ग्रॅम भरतं, तेही कामाचंच. छर्रा न घालता पिस्तूल कॉक करा, नळी सरळ वर छताकडे धरा, आकडा ट्रिगरच्या बरोबर मध्यावर अडकवा आणि टेबलावरचं माप सावकाश उचला. घाई केली तर माप झोका खातं आणि ट्रिगर सुटतो, म्हणून श्वास रोखून एका रेषेत उचलायचं. माप टेबलावरून सुटून अधांतरी राहिलं आणि ट्रिगर पडला नाही, तर पास. हे लागोपाठ दहा वेळा करा. स्पर्धेत तीन प्रयत्न मिळतात, पण तिसऱ्या प्रयत्नावर पास होणारा ट्रिगर मी माझ्या मुलांना नेऊ देत नाही. शेवटच्या सिरीजनंतरही, म्हणजे शेवटचे दहा छर्रे मारून झाल्यावरही, चिठ्ठी काढून काही जणांचा ट्रिगर पुन्हा तपासतात, आणि तिथे हलका निघाला तर सगळे गुण जातात. ५०० वर अडवून ठेवण्यापेक्षा ५१५-५२० ला बसवा. त्या पंधरा-वीस ग्रॅमने एकही दहा हुकत नाही.

पिस्तुलाला हवा पुरवणाऱ्या सिलिंडरची तारीख मात्र मी स्वतः एकदा चुकलो आहे. एका मुलासाठी आम्ही वापरलेलं पिस्तूल घेतलं. नळी बघितली, ट्रिगर बघितला, ग्रिप घासून त्याच्या हाताला बसवली. सिलिंडरवर कोरलेली तारीख कुणीच वाचली नाही. इक्विपमेंट कंट्रोलच्या टेबलावर ती वाचली गेली. मुदत चार महिन्यांपूर्वीच संपलेली. एअर सिलिंडरची मुदत जास्तीत जास्त १० वर्षं असते आणि ती बघणं खेळाडूची जबाबदारी आहे, असा नियमच आहे. दुसऱ्या जिल्ह्याच्या एका खेळाडूने आपला जास्तीचा सिलिंडर दिला म्हणून तो मुलगा उभा राहू शकला. त्याचा चेहरा मला अजून आठवतो. तेव्हापासून सिलिंडर हातात आला की आधी तारीख, मग बाकीचं.

सिलिंडर २०० बार दाबापर्यंत भरतात. हातपंपाने भरणार असाल तर एका दमात भरू नका. पंप तापतो, आणि पावसाळ्यात हवेतला ओलावा आत जातो. पन्नास दट्टे मारले की थांबा, पंप गार होऊ द्या, ओलावा सोडा, मग पुढे. भरलेला सिलिंडर उन्हात उभ्या गाडीत ठेवायचा नाही. आपल्याकडच्या मे महिन्यात बंद गाडीतला पत्रा हाताला चटका देतो, तिथे दाबाखालची हवा काय करेल याचा विचार करा. सोबत जास्तीच्या ओ-रिंगा, ॲलन कीचा संच, छोटा स्क्रूड्रायव्हर आणि शक्य असेल तर दुसरा सिलिंडर. २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकच्या पात्रता फेरीत मनू भाकरच्या पिस्तुलात ऐन वेळी बिघाड झाला. दुरुस्तीत मौल्यवान मिनिटं गेली, ६०० पैकी ५७५ गुण झाले आणि अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. २०२४ ला पॅरिसमध्ये तिने याच प्रकारात कांस्य आणलं. एवढ्या तयारीच्या खेळाडूचंही यंत्र रुसतं, हे मुलांना आधीच माहीत असावं.

ग्रिपवर लाकडाची पुट्टी लावून आकार बदलला असेल तर पुन्हा खोक्याचं माप घ्या. पुठ्ठ्याचं खोकं घरी करता येतं. तळहाताखालची फळी हाताला वेढणारी नको आणि मनगटाला कसलाही आधार नको. पिस्तुलाच्या हातात घड्याळ नको, बँड नको, कडं नको. गंडादोरा असेल तर तो दुसऱ्या हातात बांधा.

आता छर्रे. यावर मुलं सगळ्यात जास्त डोकं खपवतात. काही जण विचारतात, "सर, व्हिडिओत गोळ्या घरी भरतात, तसं आपल्याला जमेल का?" ते सेंटरफायरचं आहे. त्यात रिकाम्या काडतुसाच्या बुडाचं प्राइमर, म्हणजे पेटणाऱ्या मसाल्याचं टोपण, काढून नवं बसवता येतं, मग दारू आणि गोळी. पॉइंट २२ रिमफायरमध्ये पेटणारा मसाला काडतुसाच्या कडेतच असतो आणि घोड्याची पिन त्या कडेवरच आपटते. कड चेपली की ते काडतूस संपलं. शिवाय आपल्या देशात दारू आणि काडतुसं म्हटली की कायदा आणि परवाना आला, त्या वाटेला जायचं कारणच नाही. आपल्या खेळात दारू नाही, हवा आहे. आपल्या हातात आहे ती फक्त छर्ऱ्याची निवड.

चपट्या तोंडाचे मॅच छर्रेच घ्या, ते कागदाला पंचसारखं गोल भोक पाडतात आणि गुण मोजताना वाद होत नाही. डबीवर ४.४९, ४.५०, ४.५१ असे आकडे असतात, ते छर्ऱ्याच्या डोक्याचं माप. कुठलं माप आपल्या नळीला मानवतं ते मारूनच कळतं. गव्हाच्या छोट्या पिशवीवर हात टेकवा, एका टार्गेटवर पाच छर्रे मारा, मग दुसऱ्या डबीचे पाच. दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. नऊचं २७.५, जवळजवळ दहा रुपयांच्या नाण्याएवढं. भोकाची कड रेषेला नुसती टेकली तरी वरचा गुण मिळतो, म्हणजे छर्ऱ्याचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून ८ मिलिमीटरच्या आत असला की दहा पडतो. टेकवून मारलेले पाचही छर्रे एका बटणाखाली झाकले गेले की ती डबी तुमची. छर्रा आर-१० नावाचा असो की फिनाले मॅच, त्याच लॉटच्या अजून दोन डब्या घेऊन ठेवा, कारण लॉट बदलला की तोच छर्रा जरा वेगळा वागतो. सोनाराच्या काट्यावर एकेक छर्रा तोलणारी मुलं मी बघितली आहेत. ६०० पैकी ५४० मारणाऱ्याने तो वेळ कोऱ्या भिंतीसमोर बिनछर्ऱ्याच्या सरावात घालवावा, त्याचे गुण वजनात जात नाहीत, बोटात जातात. फक्त डबी उघडल्यावर छर्रे पांढऱ्या कापडावर पसरा आणि मागचा घेर चेपलेले वेगळे काढा. ८० छर्रे वेगळ्या डबीत भरा, ६० मॅचचे आणि बाकीचे सरावाचे. छर्रा शिशाचा असतो. तो तोंडात धरायचा नाही, आणि रेंजवरून आल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय डब्याला हात लावायचा नाही.

कपड्यांत फार काही नाही. निळी जीन्स, चप्पल, सँडल आणि फौजी छापाचे कपडे चालत नाहीत. बूट घोट्याच्या खाली हवेत, शाळेचे कॅनव्हासचे बूटही चालतात. न वापरत्या डोळ्यावरची पट्टी ३० मिलिमीटरपेक्षा रुंद नको. तो डोळा मिटून घेऊ नका, तासाभरात दुसरा डोळाही थकतो. सेफ्टी फ्लॅग, म्हणजे नळी रिकामी आहे हे दाखवणारी रंगीत तार, नळीच्या पूर्ण लांबीचा हवा. गवत कापायच्या मशीनची नारिंगी नायलॉन तार त्याला उत्तम, हल्ली प्रत्येक वावरात तिचे तुकडे पडलेले असतात. नळीत सहज सरकेल एवढी बारीक बघा आणि तीन तुकडे सोबत ठेवा. पिस्तूल पेटीतून काढायचं ते फक्त लाइनवर, म्हणजे नेम धरायच्या जागेवर, परवानगी मिळाल्यावर, आणि नळी सतत टार्गेटकडे. हा नियम माझ्या गोदामातही तसाच आहे.

आपल्या मुलांना लाइनवर घाबरवतात त्या इंग्रजी सूचना. आधी १५ मिनिटं तयारी आणि सायटिंगची, म्हणजे नेम जुळवायची, त्यात हवे तेवढे सरावाचे छर्रे. मग "स्टॉप", आणि थोड्या वेळाने "मॅच फायरिंग... स्टार्ट". त्यानंतर ६० छर्रे. इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर ७५ मिनिटं, कागदावर ९०. शालेय स्पर्धेत आकडे वेगळे असू शकतात, म्हणून परिपत्रक वाचूनच निघा. मॅच सुरू झाल्यावर छर्रा न घालता हवा सोडली तर तो शून्य धरतात, म्हणून छर्रा बसला का हे बोटाने बघायची सवय लावा. मी गोदामात या सूचना मोठ्याने, अगदी त्याच शब्दांत देतो. पहिले दोन दिवस मुलं दचकतात, चौथ्या दिवशी "स्टॉप" ऐकल्यावर हात आपोआप खाली येतो. घरी हे काम दादा-ताईने करावं.

शेवटच्या आठवड्यात छर्रे कमी आणि ड्राय फायरिंग, म्हणजे छर्रा न घालता ट्रिगर दाबायचा सराव, जास्त. चुन्याच्या कोऱ्या भिंतीसमोर रोज वीस मिनिटं उभं राहा. टार्गेट नसल्यामुळे नजर आपोआप फ्रंट साइटवर, म्हणजे नळीच्या टोकावरच्या माशीवर, बसते, आणि ट्रिगर सुटताना ती हलली तर लगेच दिसतं. वीज गेली तरी हा सराव खिडकीच्या उजेडात होतो. कापूस वेचून आलेल्या पोरींचा हात संध्याकाळी थरथरतो, त्यांनी हा सराव पहाटे करावा. पालकांना विनंती, या एका आठवड्यात पोरीला वेचणीला नेऊ नका.

गाडीत खालचा बर्थ बघा, पेटी पायाशी साखळीने बांधा. डबा घरचाच न्या, भाकर, कोरडा झुणका, भिजवलेले शेंगदाणे. ठेसा परतीच्या प्रवासात खा. मॅचच्या दोन तास आधी हलकं खाणं, मध्ये केळं आणि लिंबू-मीठ-साखरेचं पाणी. चहा एकच, तोही रोज घेत असाल तर. आदल्या संध्याकाळी रेंजवर एक चक्कर मारून आपला लेन, पंखे आणि उजेड बघून घ्या. गोदामातल्यापेक्षा टार्गेटवरचा प्रकाश जास्त असेल, साइट वेगळी दिसेल. सायटिंगमध्ये साइटचा स्क्रू किती क्लिक कुठे फिरवला ते वहीत लगेच लिहा.

झोपण्याआधी पेटी एकदाच उघडा. कागद, छर्ऱ्यांची डबी, ॲलन की, ओ-रिंगा, वही, पेन. नळीत फ्लॅग दोन्ही टोकांना दिसतोय का ते बघा, कुलूप लावा आणि किल्ली गळ्यातल्या दोरीत अडकवा.